नऊ चौकोनांची वही

रविवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, तलावाकडून शहराकडे येणाऱ्या रस्त्यावर, सत्तेचाळिसाव्या किलोमीटरला चालकबाई सायकलवरून उतरल्या. पुन्हा बसल्या नाहीत.

ऊन कोवळं होतं, वारा पाठीमागून होता, चाकांत हवा टणक होती. पाय थकले नव्हते, दम लागला नव्हता. त्यांनी सायकल रस्त्याच्या कडेच्या कठड्याला टेकवली, स्वतः कठड्यावर बसायला गेल्या आणि अर्ध्यात विचार बदलून उभ्याच राहिल्या. अकराव्या किलोमीटरला टोचणी सुरू झाली होती. पंचविसाव्याला आग. चाळिसाव्यानंतर मात्र काहीच नाही, आणि हे काहीच नसणं सगळ्यांत वाईट, हे त्यांना डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. “दुखलं तर सीट बदला. बधिर झालं आणि तासाभरात जाग आली नाही, तर सायकल सोडा. वाद घालू नका.”

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

पस्तीस मिनिटांनी जाग आली. मुंग्या आल्या, त्याही झोंबऱ्या. जीव भांड्यात पडला. पण अजून तेवढंच अंतर सायकलवरून काटायचं, या कल्पनेनंच अंगावर काटा आला. तेवढ्यात वळणावरून त्यांच्याच डेपोची बस आली. सकाळची पहिली परतीची फेरी. चालकाच्या जागेवर मिशीवाले. डेपोतल्या खुंट्यांवर गेली बारा वर्षं त्यांची टोपी बाईंच्या टोपीशेजारी लटकते.

मिशीवाल्यांनी गाडी कडेला घेऊन खिडकीतून डोकं काढलं. “काय बाई, गाडी बंद पडली?”

“गाडी ठणठणीत आहे. ड्रायव्हर बंद पडलाय.”

“मग टोचन लावून ओढत नेऊ का?”

“गप बसा आणि मागचं दार उघडा.”

गाडीत तीन प्रवासी होते, तिघंही पेंगत. बाईंनी सायकल मागच्या मोकळ्या जागेत उभी केली आणि दांडा धरून तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.

“अहो, चाळीस सीटा रिकाम्या आहेत.”

“उभीच बरी आहे.”

मिशीवाल्यांनी आरशातून एकदा नीट पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. फक्त शहरापर्यंतचा प्रत्येक गतिरोधक त्यांनी असा अलगद घेतला की पेंगणाऱ्यांपैकी एकाचीही मान हलली नाही. चालकानं चालकासाठी गाडी कशी चालवायची ते बाईंना कळत होतं. त्या मनातल्या मनात गतिरोधक मोजत गेल्या. एकोणीस निघाले, आणि एकोणीस वेळा त्यांना त्या माणसाचे आभार मानावेसे वाटले. उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, “दुसरा गिअर अडकतोय तुमचा.”

“लिहितो की रजिस्टरात,” मिशीवाले म्हणाले. आणि पाळी संपल्यावर त्यांनी ते लिहिलंही.

हे रजिस्टर म्हणजे डेपोच्या खिडकीपाशी दोरीला बांधलेलं जाड बाड. पाळी संपली की चालकानं त्यात आपल्या गाडीचा दोष लिहायचा: ब्रेक डावीकडे ओढतो, वायपर अर्ध्यात थांबतो, काहीच नसेल तर ‘निर्दोष’. बाई एकोणीस वर्षं बस चालवत होत्या आणि एकोणीस वर्षांत त्यांनी त्या रजिस्टरात एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. दमल्या होत्या म्हणून ‘निर्दोष’ लिहून घरी गेल्या, असंही कधी झालं नव्हतं. कारण सरळ होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गाडीवर दुसरं कुणीतरी बसणार असतं.

आणि हीच बाई गेले तीन आठवडे दुसऱ्या एका वहीत धडधडीत खोटं लिहीत होती.

ती वही मोजकाकांची. मोजकाकांचं सायकलींचं दुकान डेपोच्या मागच्या गल्लीत, दोन खणांचं. पुढच्या खणात दुरुस्ती, मागच्या खणात फळी. फळीवर सव्वीस सीटा ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला खालून रंगानं क्रमांक घातलेला. काका पूर्वी बुटांच्या कारखान्यात पायांची मापं घ्यायचे, त्यामुळे मोजल्याशिवाय त्यांचं कशावर समाधान होत नसे. गिऱ्हाइकाशी हात मिळवला तरी मनात मनगटाचा घेर घेतात, असं लोक म्हणत. सीट विकत द्यायला ते तयारच नसायचे. आधी फळीवरची न्या, पंधरा दिवसांपर्यंत वापरून बघा, अनामत वगैरे काही नको. अट एकच होती, की प्रत्येक फेरीनंतर वहीत नोंद करायची.

वहीच्या प्रत्येक पानावर सीटचं वरून दिसणारं चित्र होतं आणि त्याचे नऊ चौकोन पाडलेले होते. पुढचे तीन, मधले तीन, मागचे तीन. कुठं दुखलं ते बोलून सांगायचं नाही, लिहायचंही नाही. चौकोनाचा आकडा घालायचा आणि कितव्या किलोमीटरला ते लिहायचं. काही त्रास झाला नाही तर शून्य. बाईंना पहिल्याच दिवशी ही वही फार आवडली होती. सायकलच्या सीटवर बाईमाणसाला काय काय आणि कुठं कुठं दुखतं, हे सत्तरीच्या पुरुषासमोर उच्चारायचं म्हणजे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. काकांनी तो प्रश्नच ठेवला नव्हता. आकडा घाला आणि चहा प्या.

सीटचं हे सगळं प्रकरण उद्भवलं ते वहिनींमुळे. वहिनी म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाची बायको. वय एक्कावन्न, पोहण्याच्या सार्वजनिक तलावावर प्रशिक्षक, आवाज असा की पाण्याखालीही ऐकू जावा. तीन वर्षांपूर्वी, बाईंच्या चाळिशीत, पाठीच्या दुखण्यावर उपाय म्हणून वहिनींनी त्यांना पाण्यात ढकललं होतं. ढकललं हे अक्षरशः. मग पोहणं आलं, पाठोपाठ धावणं आलं, सायकल आली आणि गेल्या वर्षी दोघींनी अर्ध्या अंतराच्या ट्रायथलॉनला नाव घातलं. आधी दोन किलोमीटरला थोडं कमी पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावायचं. सायकल ठरलेल्या वेळेत संपली नाही की पुढे सोडत नाहीत.

गेल्या वर्षी बाई अठ्ठावन्नाव्या किलोमीटरला उतरल्या. वहिनी त्यांच्या बऱ्याच पुढे होत्या. निरोप कळताच त्या माघारी फिरल्या, अकरा किलोमीटर उलट्या आल्या, बाईंच्या शेजारी गवतावर बसल्या आणि म्हणाल्या, “झालं ते झालं. केळं खा.” त्यांची शर्यत तिथंच संपली. याबद्दल त्यांनी नंतर चकार शब्द काढला नाही, आणि म्हणूनच बाईंच्या मनातून ते जात नव्हतं. वहिनींचा उजवा गुडघा झिजत चालला होता. यंदाची शर्यत त्यांची शेवटची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. यंदा आपल्यापायी वहिनींची शर्यत बुडता कामा नये, एवढं एकच बाईंनी धरून ठेवलं होतं. आणि त्यासाठी नव्वद किलोमीटर बसून राहता यायला हवं होतं. आठ तास बसची सीट झिजवणाऱ्या बाईला सायकलवर साडेचार तास बसता येऊ नये, यावर डेपोत विनोद करून झाले होते.

मोजकाकांनी त्यांना पहिल्या महिन्यात फळीवरच्या चार सीटा दिल्या. बाईंनी चारही वेळा खरं लिहिलं: दोन, दोन, दोन आणि पुन्हा दोन. दोन म्हणजे पुढच्या ओळीतला मधला चौकोन. काका डोकं खाजवत राहिले. बाईंचं माप त्यांनी रीतसर घेतलं होतं. लाकडी स्टुलावर खोक्याचा जाड पुठ्ठा ठेवायचा, त्यावर माणसाला बसवायचं आणि बसण्याच्या दोन हाडांचे जे खळगे पुठ्ठ्यात उमटतात, त्यांतलं अंतर मोजायचं. बाईंचं आलं एकशे अडतीस मिलिमीटर. त्या मानानं फळीवरच्या सगळ्याच सीटा मागून अरुंद. म्हणून काकांनी पाच संध्याकाळी खपून स्वतःच्या हातानं एक सीट तयार केली. जुना सांगाडा घेतला, मागची बाजू रुंदावली, फेस नव्यानं कापला, वरून मऊ तपकिरी चामडं ताणून एक एक खिळा ठोकला. सीट हातात देताना ते म्हणाले, “तीस वर्षं पायांसाठी चामडं कापलं. दुसऱ्या कशासाठी कापलं ते तुमच्यासाठी पहिल्यांदा.”

ती सीट बाईंना फार सुंदर वाटली. पहिल्या फेरीला बाविसाव्या किलोमीटरपासून तिनं ओळखीचंच दुखणं दिलं. दुकानात परतल्यावर काकांनी विचारलं नाही, फक्त वही पुढे केली आणि हातातला पाना नुसताच पुसत उभे राहिले. बाईंनी त्या बोटांकडे पाहिलं. अंगठ्याला खिळा लागल्याची पट्टी होती. पेन उचललं आणि शून्य घातलं.

एकदा घातलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. तीन आठवड्यांत सात शून्यं झाली.

रविवारी दुपारी बाईंनी वहिनींना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

“वहिनी, माझं यंदा जमत नाही गं. गुडघा.”

“कुठला?”

“उजवा.”

“वन्सं, उजव्या गुडघ्याचा मक्ता माझा आहे. तू दुसरं काहीतरी शोध.”

“खरंच सांगतेय.”

“बरं.” पलीकडे तलावावरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. “मग दोघींची नावं काढते. मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत काढता येतात.”

“तू कशाला काढतेस? तू जा की.”

“एकटी जाऊन काय करू? पाण्यातून बाहेर आल्यावर शिव्या कुणाला घालू?” आणि मग कुणा पोहणाऱ्यावर ओरडून वहिनींनी फोन ठेवला.

बाई फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. बसणं अजून नकोसं होतं.

सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, दोन फेऱ्यांमधल्या चाळीस मिनिटांत, बाई गणवेशातच मोजकाकांच्या दुकानात शिरल्या. सायकल आदल्या दिवसापासून काकांच्याच दुकानाबाहेर साखळीला होती. बेत साधा होता. सीट परत करायची, मनापासून आभार मानायचे, गुडघ्याचं सांगायचं. कुणाचं मन दुखवायचं नाही.

काका मागच्या खणात बाकावर वाकलेले होते. समोर एक सीट होती. रुंद, तपकिरी चामड्याची, निम्मे खिळे ठोकलेली.

“ही कुणाची?” बाईंनी विचारलं.

“शाळेतल्या ग्रंथपालबाईंची. त्याही तुमच्या शर्यतीला आहेत. रडकुंडीला आल्या होत्या बिचाऱ्या, काहीच बसेना. म्हटलं, थांबा, माझ्याकडे एक नमुना उतरलाय.” काकांनी ओठांतला खिळा काढून बोटांत घेतला. “खरं सांगू? मला स्वतःला खात्री नव्हती या घडणीची. पण तुमची वही काढली. सलग सात शून्यं. मग काय, डोळे झाकून कापायला घेतलं.”

हातोडी उचलली गेली.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

“काय झालं?”

“ठोकू नका. ती सात शून्यं खोटी आहेत.”

काकांनी हातोडी तशीच धरून ठेवली. बाईंना वाटलं होतं की हे बोलायला फार वेळ लागेल. पण एकदा तोंड उघडल्यावर सगळं भडाभडा आलं: बाविसावं किलोमीटर, बधिरपणा, काल उभ्यानं केलेला प्रवास, पट्टी बांधलेला अंगठा. “तुम्ही एवढं केलंत माझ्यासाठी. कुठल्या तोंडानं लिहू दोन म्हणून?”

“कुठल्या तोंडानं?” मोजकाकांचा आवाज चढला. आजवर तो चढलेला कुणी ऐकला नव्हता. “अहो, तीन आठवडे! तीन आठवडे मी शीळ घालत फिरतोय इथं! खुळ्यासारखा! बायकोला सांगितलं, नातवंडांना सांगितलं, मिशीवाल्यांना चहा पाजून सांगितलं! तुमच्या बसचा ब्रेक मी दुरुस्त करून दिला असता आणि तो लागत नसता, तर गप्प बसला असतात?”

“नाही.”

“का?”

“दुसरं कुणी बसणार असतं उद्या.”

काकांनी बाकावरच्या सीटकडे नुसतं बोट दाखवलं. बाई खाली बघत राहिल्या. त्या ग्रंथपालबाईंना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण त्या बाविसाव्या किलोमीटरला काय करतील, ते त्यांना आत्ता लख्ख दिसत होतं.

मग काकांनी हातोडी खाली ठेवली, हात पुसले आणि बुटांच्या कारखान्यातला जुना माणूस जागा झाला.

“माप परत घ्यायचं. पुठ्ठा चुकला असला पाहिजे. बसा स्टुलावर.”

बाई बसल्या. काका सवयीनं गुडघ्यांवर टेकून पुठ्ठ्याच्या कडेकडे बघू लागले, आणि मग एकदम काहीतरी सुचल्यासारखे उठून चार पावलं मागे गेले. पहिल्यांदाच त्यांनी पुठ्ठा सोडून माणसाकडे पाहिलं.

बाई ताठ बसल्या होत्या. पाठ काठीसारखी, पाय जमिनीवर घट्ट, दोन्ही हात नकळत समोर धरलेले, अंगणात मोठी परात घेऊन बसल्यासारखे.

“बाई,” काका हळूच म्हणाले, “पुढचा थांबा कुठला?”

“काय?”

“तुम्ही बस चालवताय.”

बाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं आणि हसू फुटलं. काकांनाही फुटलं. दोघंही बराच वेळ हसत होते. बाहेर हवा भरायला आलेला पोस्टमन डोकावून गेला आणि काही न विचारता स्वतःच पंप घेऊन हवा भरू लागला.

चूक अशी होती. काकांच्या दुकानात येणारी सगळी माणसं सायकलवाली. स्टुलावर बसा म्हटलं की ती आपोआप पुढे झुकत, त्यामुळे पुढे झुका असं सांगायची वेळ काकांवर कधी आली नव्हती. ते नेहमी खाली वाकून पुठ्ठाच बघायचे. आणि बाई एकोणीस वर्षांच्या सवयीनं ताठ बसल्या होत्या. त्या पुठ्ठ्यावर उमटलं होतं ते चालकाचं माप. सायकलवर मात्र, यंदा वहिनींच्या आग्रहानं हँडलवर बसवलेल्या दोन पुढे आलेल्या दांड्यांवर कोपरं टेकून, बाई जवळजवळ आडव्या होत. मग सगळा भार मागच्या हाडांवरून सरकून पुढच्या भागावर यायचा. काकांनी जिथं पाच संध्याकाळी गादी घातली, तिथं बाई कधी बसतच नव्हत्या.

काकांनी बाहेर जाऊन सायकलची सीट तपासली. मागचं चामडं कालच दुकानातून आणल्यासारखं नवं होतं. घासून चकाकी आली होती ती फक्त पुढच्या चार बोटांत. “सीट सांगत होती,” ते स्वतःशीच पुटपुटले. “मी वहीच वाचत बसलो.”

त्यांनी बाईंना बाकावर कोपरं टेकायला लावून, वाकलेल्या अवस्थेत नवा ठसा घेतला. चौऱ्याण्णव मिलिमीटर, आणि तोही पार पुढच्या बाजूला. मग फळीच्या शेवटच्या टोकावरून तेवीस क्रमांकाची सीट काढली. ती आखूड होती. पुढचं टोक नव्हतंच, त्याऐवजी दोन जाड बोटं आणि मध्ये मोठी फट. ती बाईंनी पहिल्या दिवशी पाहिली होती आणि नाक मुरडलं होतं.

“ही? ही तर अपघातात सापडल्यासारखी दिसते.”

“तुम्ही तिच्यावर बसणार आहात, तिच्याशी लग्न करणार नाही. चला, वीस मिनिटं आहेत तुमच्याकडे.”

काकांनी सीट आठ मिलिमीटर खाली घेतली, बारा मिलिमीटर पुढे सरकवली, पुढून दोन अंश झुकवली. प्रत्येक वेळी बाई भिंतीला टेकलेल्या सायकलवर गणवेशात चढून कोपरं टेकत आणि आकडा सांगत. शेवटच्या वेळी त्यांना आकडा सांगता आला नाही. त्या नुसत्याच तशा थांबल्या. दुखत नव्हतं. आपण कशावर बसलो आहोत याचा क्षणभर विसर पडला.

“एवढ्यानं खूष होऊ नका,” काका म्हणाले. “पाच मिनिटं कशावरही बसवतं. चाळीस किलोमीटर झाले की सांगा. आणि खरं सांगा.”

निघण्यापूर्वी बाईंनी वही मागितली. सातही शून्यांवर एक एक रेघ मारली, शेजारी दोनचा आकडा घातला आणि आठवेल तसा किलोमीटर लिहिला. खाली सही केली, डेपोच्या रजिस्टरात करतात तशी. काकांनी वाचलं आणि वही छातीशी धरून म्हणाले, “आभारी आहे.” आभार मानायला तर बाई आल्या होत्या.

त्या रात्रीच्या जेवणाआधीच बाईंनी वहिनींना दुसरा फोन केला आणि गुडघा मागे घेतला. सगळं सांगितलं, शून्यांसकट.

“वन्सं,” वहिनी म्हणाल्या, “तू मला कधी विचारलंयस का, की त्या दिवशी मी परत का फिरले?”

“नाही.”

“मला पुढच्या चढाचा कंटाळा आला होता. तुझं निमित्त झालं.”

हे खरं नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. बाईंनी डोळे पुसले. “वहिनी, यंदा मी उतरले तर तू थांबायचं नाही. शब्द दे.”

“बघू.”

“बघू नाही. शब्द.”

“बरं बाई, दिला. आता ठेव, भाजी करपतेय.”

मंगळवारचे पाच वाजून गेले. नावं यादीत राहिली. बुधवारी बाई पहाटे चाळीस किलोमीटर गेल्या. चौतिसाव्याला चौकोन चार, हलका. काकांनी सीट तीन मिलिमीटर मागे घेतली. शनिवारी साठ, त्यानंतरच्या बुधवारी सत्तर, आणि सत्तराव्याला चौकोन एक, टोचणी, बधिरपणा नाही. त्यापुढचं अंतर तपासायला दिवस उरले नाहीत. ग्रंथपालबाईंचं मापही काकांनी नव्यानं घेतलं. त्या स्टुलावर पुस्तक वाचायला बसल्यासारख्या बसतात, हे त्यांनी या वेळी आधीच पाहून ठेवलं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी मिशीवाल्यांना रविवारची पाळी बदलून दिल्याबद्दल धन्यवाद दिले. ते म्हणाले, “दिवसभर माझी गाडी त्याच रस्त्यावर आहे. लागलं तर मागचं दार उघडं ठेवतो.” बाई म्हणाल्या, “लागणार नाही,” आणि मग जरा थांबून, “पण ठेवा.”

रविवारी सहा वाजता शिट्टी झाली. वहिनी पाण्यातून सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी बाहेर पडल्या, बाई सहा त्रेपन्नला. सायकल साडेअकराच्या आत संपवायची होती. अठ्ठावन्नावं किलोमीटर बाईंनी बघितलं नाही. मीटर वाचायच्या आत एका ट्रकमागचा मजकूर वाचत त्या पुढे निघून गेल्या. एकोणसत्तराव्यापासून डावीकडे टोचायला लागलं. त्यांनी स्वतःशी आकडा उच्चारला, चार वेळा पेडलवर उभ्या राहून पुन्हा बसल्या, कोपरं टेकली.

बहात्तराव्याला दुरुस्तीचा तंबू होता आणि तंबूच्या दारात मोजकाका, हातात पाण्याची बाटली आणि कानाशी वायरलेस. बाईंनी वेग न मोडता बाटली घेतली. काका चार पावलं शेजारून धावले.

“किती?”

“एक! टोचतंय, बधिर नाही!”

“खरं?”

“खरं!”

“बरं, ऐका,” काका धापा टाकत ओरडले, “आत्ता कळवलंय वायरलेसवर! क्रमांक दोनशे चौदा, तुमच्या वहिनी, पंचाहत्तराव्याला कडेला थांबल्यात! सायकल ठीक आहे, प्रकृती ठीक आहे! का थांबल्यात विचारलं तर सांगत नाहीत, नुसत्या मागच्या रस्त्याकडे बघतायत!”

“शब्द दिला होता तिनं!” बाई ओरडल्या.

काकांचं उत्तर मागे राहिलं, ऐकू आलं नाही. समोर चढ सुरू होत होता. घड्याळात दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती, अठरा किलोमीटर उरले होते, आणि चालकबाई बसलेल्या होत्या.